पाकीट लिटरचे, माप ग्लासाचे

पावसाळा लागला की वस्तीत जुलाबाचे दिवस येतात. गटाराच्या कडेने गेलेला नळाचा पाइप कुठेतरी फुटतो, दोन दिवस गढूळ पाणी येते आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्याबाहेर लेकरे कडेवर घेतलेल्या बायांची रांग लागते. गेल्या वर्षी वर्षावासाच्या दिवसांत आमच्याच गल्लीत घडलेली एक गोष्ट सांगायची आहे. ती घडली म्हणून हा लेख आहे.

दीड वर्षाच्या एका पोराला जुलाब लागले. आई हुशार, दहावी झालेली. तिने अंगारा-धुपारा केला नाही, दूध तोडले नाही, वेळ घालवला नाही. घरात ओआरएसचे पाकीट होते, तेच तिने लगेच पाण्यात मिसळून चमच्या-चमच्याने द्यायला सुरुवात केली. आपण आरोग्याच्या पानावर वर्षानुवर्षे जे सांगत आलो ते तिने केले. तरी संध्याकाळपर्यंत पोर चिडचिडे झाले, पाण्याच्या भांड्याकडे झेपावू लागले आणि रात्री मलूल पडले. रिक्षा करून मोठ्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "किती पाण्यात मिसळलं होतं?"

"एक ग्लास पाण्यात, मॅडम. एक पाकीट, एक ग्लास."

डॉक्टरीणबाईंनी पाकीट मागितले. पोराच्या आजीने ते पदराच्या गाठीत बांधून आणले होते, हे बरे झाले. पाकिटावर लिहिले होते: १ लिटर पाण्यात.

घोटाळा कसा झाला तो ऐका. त्याआधी एकदा त्या आईने मेडिकलमधून ओआरएसचे छोटे पाकीट आणले होते. ते २०० मिली पाण्यासाठी असते. दुकानदाराने सांगितले होते, "एक ग्लास पाण्यात टाका." ते त्या वेळी बरोबरच होते. या खेपेला आशाताईंनी फुकट दिलेले मोठे पाकीट घरात होते, २० ग्रॅमच्या वरचे. ते १ लिटरसाठी असते. डोक्यात मात्र जुना हिशोब पक्का बसलेला होता. पाच ग्लास पाण्याचे मीठ-साखर एका ग्लासात गेले.

पोर दोन दिवस सलाईनवर राहिले आणि सुखरूप घरी आले. आई मात्र महिनाभर कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. आम्ही तिला भेटायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "ताई, पाकिटावर लिटर लिहिलंय ते मी वाचलं होतं. पण माझ्या घरात लिटर कुठंय?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. आमच्याही घरात लिटर नव्हता.

पाचपट दाट पाणी पोटात गेले की काय होते, ते थोडक्यात सांगतो. ओआरएसमध्ये मीठ आणि साखर अगदी मोजून घातलेली असते. १ लिटर पाण्याला साधे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियमचे क्षार १.५ ग्रॅम आणि सायट्रेट २.९ ग्रॅम. या प्रमाणात असले तर आतडे साखरेबरोबर मीठ आणि मिठाबरोबर पाणी आत ओढून घेते. पाणी कमी पडले तर उलटे होते. दाट मिठाचे पाणी शरीरातलेच पाणी आतड्यात ओढते, जुलाब वाढतात, रक्तातले मीठ वाढते. लहान लेकराच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो, झटकेही येऊ शकतात. पाणी जास्त झाले तर एवढा धोका नाही, पण गेलेले क्षार भरून निघत नाहीत आणि औषध दिल्याचे नुसते समाधान राहते. म्हणजे या औषधात पुडीइतकेच पाणीही औषध आहे, आणि ते मोजायला आपल्या घरात काही नाही.

पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर महिला मंडळाच्या बायकांना आम्ही एक काम दिले. प्रत्येकीने घरात पाणी प्यायचा जो रोजचा ग्लास असेल तो आणायचा. टपरीवरून आम्ही १ लिटर पाण्याची सीलबंद बाटली आणि २०० मिलीची एक छोटी बाटली आणली. चौदा ग्लास आले. स्टीलचे उभे, स्टीलचे बुटके, रेशनच्या काळातला एक जाड काचेचा, लग्नात आहेरात आलेले दोन फुलाफुलांचे आणि एक प्लास्टिकचा, जो मुळात कसल्यातरी चॉकलेट पावडरीवर फुकट मिळाला होता.

एकेकात २०० मिलीची बाटली ओतायला लागलो तशी हसाहस झाली. बुटक्या स्टीलच्या ग्लासातून पाणी बाहेर सांडले; त्यात १५० मिलीच मावत होते. उभ्या स्टीलच्या ग्लासात २०० मिली ओतल्यावरही वर तीन बोटे जागा उरली; तो काठोकाठ भरला तेव्हा ३०० च्या पुढे गेला. म्हणजे एका घरातला 'ग्लास' शेजारच्या घरातल्या ग्लासाच्या दुप्पट. शिवाय कोणी ग्लास काठोकाठ भरते, कोणी दोन बोटे खाली ठेवते. "पाच ग्लास पाण्यात घाला" असे आपण वस्तीत सांगत फिरतो, तेव्हा एका घरात ते पाऊण लिटर होते आणि दुसऱ्या घरात दीड लिटर. चौदातला फक्त एक ग्लास बरोबर २०० मिलीचा निघाला. तो कुणाचा होता हे इथे छापणार नाही, कारण त्या बाईने नंतर महिनाभर त्याचा मोठेपणा मिरवला.

चहाचे कटिंगचे काचेचे ग्लासही मोजले. त्यात ८० ते ९० मिली भरले. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे, लक्षात ठेवा.

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या एका आजी म्हणाल्या, "आमच्या वेळी शेर होता. शेरभर पाणी म्हटलं की सगळ्यांना कळायचं."

आजी म्हणतात ते अर्धे खरे आहे. पूर्वी चार चिपट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली होती. अर्ध्या शेराला अच्छेर, पाव शेराला पावशेर, त्याच्या निम्म्याला नवटाक आणि त्याच्याही निम्म्याला छटाक. हा हिशोब तोंडपाठ असायचा. ८० तोळ्यांचा सरकारी शेर आजच्या मापात ९३३ ग्रॅम, म्हणजे त्यात पाणी साधारण ९३३ मिली. लिटरपेक्षा थोडेच कमी. त्या आईने ते पाकीट 'शेरभर' पाण्यात घातले असते तर पोराला दवाखाना पाहावा लागला नसता. जुना शेर आजच्या ग्लासापेक्षा लिटरला जवळचा आहे, हे कबूल केले पाहिजे.

पण सगळ्यांना कळायचा तो शेर एकच नव्हता. मुंबईचा वेगळा, पुण्याचा वेगळा, तालुक्याच्या बाजारातला वेगळा. आपल्या आज्या-पणज्यांनी सांगितलेल्या गोष्टी आठवा. खळ्यावर राबल्याचे धान्य मोजून द्यायची वेळ आली की एक माप बाहेर यायचे आणि कर्जाचे धान्य परत घ्यायची वेळ आली की दुसरे. ज्याच्या हातात माप त्याचाच शेर, आणि आपल्या माणसांच्या हातात ते माप कधी नव्हते. म्हणून देशाने १९५६ साली वजनमापांचा कायदा केला आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलो-ग्रॅमची वजने बाजारात आली, ही आमच्या मते लहान गोष्ट नव्हे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला शेर-मण कायद्याने बंद झाले. तोंडातून मात्र गेले नाहीत. भाजीवालीकडे आजही आपण "पावशेर मिरची" मागतो आणि ती २५० ग्रॅम तोलते.

सध्या चालू आहे तो वैधमापनशास्त्र कायदा २००९ चा. बाटलीत, पाउचमध्ये किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून विकायच्या प्रत्येक पेयावर आत किती आहे ते मिली किंवा लिटरमध्ये छापणे बंधनकारक आहे. आणि ते नुसते छापून भागत नाही, आत तेवढे भरावेही लागते. १ लिटरच्या बाटलीत कमी भरण्याची सूट जास्तीत जास्त १५ मिलीची आहे, म्हणजे तीन छोटे चमचे. तेव्हा ज्या बाटलीला आपण कचरा म्हणून फेकतो, ती सरकारी नियमाने तपासलेले लिटरचे माप आहे. मापी भांडे विकत घ्यायला पैसे लागतात. ही बाटली रस्त्यावर पडलेली असते.

फक्त आकडा वाचल्याशिवाय बाटली उचलू नका. बाजारात आता ५००, ६००, ७५० मिली, १ लिटर, सव्वा लिटर, सव्वादोन लिटर अशा सगळ्या मापांच्या बाटल्या आहेत. ७५० ची उंच सडपातळ बाटली लिटरच्या बुटक्या बाटलीपेक्षा मोठी दिसते. आमच्यातल्याच एकीने त्या रविवारी ७५० ची बाटली "लिटरची" म्हणून आणली होती.

याच्यामागे एक कारण आहे. बाटलीबंद पेयांना आपल्या वस्तीत मिलीची नावे नाहीतच. टपरीवर उभे राहून ऐका. "दहाची दे." "वीसची दे." "मोठी दे." शेर गेला, लिटर आला असे कायद्याच्या पुस्तकात आहे, आपल्या जिभेवर शेराच्या जागी नोट आली. आणि नोटेचे माप हे जुन्या सावकाराच्या मापासारखेच लवचिक आहे. समजा दहा रुपयांच्या बाटलीत काल २०० मिली होते आणि आज १६० मिली आहे. किंमत तीच, बाटलीचा रंग तोच, फक्त कंबर थोडी आत गेली. मागणारा "दहाची" म्हणतो, त्याला पत्ता लागत नाही. हिशोब केला तर एका मिलीला आधी ५ पैसे पडत होते, आता सव्वासहा पैसे पडले.

हा हिशोब करायची सोयही आता छापील असते. पूर्वी बाटलीबंद पाणी, थंड पेये, चहा, बिस्किटे अशा वस्तू सरकारने ठरवून दिलेल्या मापांतच भरायच्या असा नियम होता. २०२१ साली नियम बदलून ही सक्ती काढून टाकली. कंपनीला आता कुठल्याही मापाची बाटली काढता येते. त्याच्या बदल्यात एका मिलीची किंवा एका लिटरची किंमत किती, हे छापायला सांगितले. एमआरपीच्या जवळपास बारीक अक्षरात '₹ ०.०५ प्रति मिली' अशा अर्थाचा मजकूर असतो, बहुधा इंग्रजीत. चष्मा लागतो वाचायला, पण घरातल्या सातवी-आठवीतल्या पोराला वाचायला सांगा. त्याचे दशांश अपूर्णांकही पक्के होतील.

(मापाच्या नावाने फसवणारी आणखी एक बाटली आहे. तिला 'क्वार्टर' म्हणतात, पण ७५० च्या बाटलीचा पाव होतो साडेसत्त्याऐंशी वर शंभर, आणि तिच्यात असतात १८०. ज्यांनी पाचवे शील घेतले आणि पाळले, त्यांचे हे साडेसात मिली वाचलेच, बाकीचे १८० सुद्धा वाचले.)

आता साखरेकडे येऊ. ही गोष्टही मिलीशिवाय समजत नाही. थंड पेयाच्या बाटलीवर मागच्या बाजूला तक्ता असतो. त्यात साखर किती ते बहुतेक वेळा १०० मिलीमागे दिलेले असते. गोड सोड्याच्या पेयांत १०० मिलीमागे साधारण १० ग्रॅमच्या आसपास साखर असते. तुमच्या बाटलीतला नेमका आकडा तिच्यावरच वाचा. वाचणारा माणूस म्हणतो, "दहा ग्रॅम? मग काय एवढं!" पण बाटली १०० मिलीची नसते. २५० मिलीची बाटली एका दमात संपते, म्हणजे २५ ग्रॅम साखर. चहाचा एक चमचा ५ ग्रॅमचा धरा, पाच चमचे झाले. पाहुणे आले म्हणून आणलेली ७५० ची बाटली दोघा भावंडांनी संपवली तर प्रत्येकाच्या पोटात साडेसात चमचे गेले. जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे असे आहे की मोठ्या माणसाने दिवसभरात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, २५ च्या आत ठेवली तर अधिक चांगले. आपल्या वस्तीत घरटी एकाला तरी शुगर आहे अशी परिस्थिती येत चालली आहे. चहातली साखर बंद केली म्हणून अभिमानाने सांगणारे काका दुपारी "वीसची" बाटली पितात, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो.

सगळ्यात मोठा धोका मात्र जुलाबाच्या वेळी आहे, आणि तो पुन्हा ओआरएसपाशीच येतो. मेडिकलच्या काउंटरवर खोक्यातली, स्ट्रॉ लावलेली, फळाच्या चवीची पेये असतात. त्यांतल्या काहींच्या नावातच 'ओआरएस' ही अक्षरे घातलेली होती. आया बिचाऱ्या तयार औषध म्हणून तीच न्यायच्या. मोजायची कटकट नाही, पोर आवडीने पिते. पण ते ओआरएस नव्हते, गोड सरबत होते. खऱ्या ओआरएसमध्ये १०० मिलीमागे दीड ग्रॅमही ग्लुकोज नसते, अशा पेयांत साखर त्याच्या कितीतरी पट. जुलाब चालू असताना एवढी साखर पोटात गेली की आतड्यात आणखी पाणी सुटते आणि जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षे एकटीने लढा दिला. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने आदेश काढला की ठरलेल्या सूत्राप्रमाणे नसलेल्या कुठल्याही पेयाच्या नावात ओआरएस हा शब्द वापरता येणार नाही. नावे बदलतील, खोकी राहतील. तेव्हा काउंटरवर "ओआरएस द्या" एवढेच म्हणू नका. "जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे ओआरएस" असे म्हणा आणि हातात आल्यावर मागे साखरेचा आकडा बघा.

ओआरएसची गोष्ट आपल्या बाजूच्या देशाशी बांधलेली आहे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली, सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ड्रममधून लोकांना प्यायला दिले, तेही घरच्या माणसांच्या हाताने. मरणाऱ्यांचे प्रमाण एकदम खाली आले. पुढे १९८० पासून बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या बायका घरोघर फिरू लागल्या. तिथल्या खेड्यात ना पाकीट होते ना लिटर. म्हणून त्यांनी शिकवले: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. दहा वर्षांत साधारण १ कोटी २० लाख घरांपर्यंत त्या पोचल्या. शिकवणारीचा पगार ती किती घरे फिरली यावर नव्हता, तर शिकलेल्या आईला नंतर विचारल्यावर किती आठवते यावर होता. आमच्या मंडळातल्या बायकांना हा भाग फार आवडला. इथे मीटिंगचा फोटो काढला की काम झाले असे धरणारे पुष्कळ आहेत.

त्या बायकांनी घरातले माप घेऊन काम केले. आपल्याकडे पाकीट लिटरचे आहे, तेव्हा आपल्याला घरात लिटर आणावा लागेल. आम्ही विहारात जे केले ते असे.

१ लिटरची पाण्याची बाटली घ्यायची. लेबल काढायचे नाही. बाटली आत-बाहेर साबणाने धुऊन घ्यायची. नवीन बाटलीत पाणी जिथपर्यंत असते तिथपर्यंतच भरायची, म्हणजे मानेपर्यंत. अगदी तोंडापर्यंत भरली तर लिटरच्या वर जाते. आता हे पाणी घरातल्या रोजच्या तांब्यात किंवा पातेल्यात ओता. पाणी जिथे थांबेल तिथे आतून खिळ्याने बारीक रेघ ओढा. भांड्यांवर नाव घालणारा वस्तीत आला तर त्याच्याकडून ओढून घ्या. बऱ्याच तांब्यांत लिटरभर पाणी मानेपाशी येते. तसे असेल तर रेघेचीही गरज नाही, मान हीच खूण. ज्यांच्याकडे बाटली नाही त्यांनी अर्धा लिटर दुधाचे पाउच घ्यावे. दूध पातेल्यात ओतले की कुठपर्यंत येते ते बघून ठेवावे. दोन पाउच, एक लिटर. लहान बाळाच्या दुधाच्या बाटलीवरही मिलीच्या खुणा असतात. तिने बाळाला दूध पाजू नये असे आपण याच पानावर सांगत आलो, पण मापाला ती उत्तम आहे.

बाटली फक्त मोजायला वापरा. ओआरएस रुंद तोंडाच्या स्वच्छ भांड्यात करा. पाणी उकळून गार केलेले. पाकिटातली सगळी पावडर एकदम घाला. मोठ्या पाकिटातली अर्धी पावडर आज आणि अर्धी उद्या असे करू नका. पुडीत मीठ-साखर सारखी मिसळलेली असेलच असे नाही आणि चमच्याने अंदाज चुकतो. केलेले पाणी झाकून ठेवा, २४ तासांनी उरलेले टाकून द्या. फुकट मिळाले होते म्हणून, किंवा विकत घेतले होते म्हणूनही, दुसऱ्या दिवशी पाजू नका.

दर जुलाबानंतर दोन वर्षांच्या आतल्या लेकराला ५० ते १०० मिली, म्हणजे कटिंगच्या ग्लासाने अर्ध्यापासून एक ग्लासापर्यंत. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली, म्हणजे एक ते दोन कटिंग. मोठ्यांनी लागेल तेवढे. लहानग्याला चमच्याने हळूहळू द्या. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करा. अंगावरचे दूध तोडायचे नाही. आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्या आणि जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्या.

पाकीट मिळालेच नाही तर १ लिटर पाण्यात साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा. चमचा म्हणजे ५ मिलीचा. घरातले चमचे ग्लासांसारखेच बेभरवशाचे. खोकल्याच्या औषधाबरोबर जे छोटे टोपण येते त्यावर २.५, ५ आणि १० च्या खुणा असतात. ते धुऊन, कोरडे करून डब्यात ठेवा. साखर ५ च्या खुणेपर्यंत सहा वेळा, मीठ २.५ च्या खुणेपर्यंत एकदाच.

लेकरू सुस्त पडले, पिणे बंद केले, डोळे खोल गेले, लघवी होईनाशी झाली, शौचातून रक्त आले, तर घरात मापे शोधत बसू नका. दवाखाना गाठा आणि जाताना पाकीट बरोबर न्या. त्या आजींनी पदरात बांधून नेले तसे.

बाटलीत छापल्यापेक्षा कमी भरलेले दिसले, मापाचा आकडाच छापलेला नसेल, किंवा फ्रीजमध्ये ठेवल्याचे म्हणून छापील किमतीवर दोन रुपये जास्त मागितले, तर जिल्ह्याच्या वैधमापनशास्त्र कार्यालयात तक्रार करता येते. १९१५ हा ग्राहकांचा सरकारी मदत क्रमांक आहे, त्यावर मराठीतही बोलता येते. सील उघडू नका, बाटली तशीच ठेवा आणि पावती मागा. टपरीवाला पावती देणार नाही हे आम्हालाही ठाऊक आहे. तरी मागा.

विहाराच्या कपाटात आता १ लिटरची एक बाटली, २०० मिलीची एक बाटली आणि औषधाचे एक टोपण ठेवले आहे. किल्ली ग्रंथालय सांभाळणाऱ्या मुलाकडे असते. या पावसाळ्यात आठ गल्ल्यांतली भांडी मोजून, त्यांवर रेघा ओढून झाल्या. रेल्वे रुळाकडची गल्ली राहिली आहे, ती पुढच्या दोन रविवारी होईल. घरोघर जाणाऱ्यांत ती आई सगळ्यांच्या पुढे असते. दारात उभी राहून आधी विचारते, "तुमचा ग्लास दाखवा बघू."

तिच्या पोराचे परवा अंगणवाडीत वजन झाले. अकरा किलो दोनशे ग्रॅम भरले.